पंचमच्या गाण्यांपायी जमलेल्या गिटारी

संत्रापट्टी
कापसाच्या भावावरच्या धाग्यात बोलता बोलता लिहून गेलो की दिवसा सबमर्सिबल मोटारी भरतो आणि रात्री गिटार वाजवतो. तेव्हापासून निरोप येऊन राहिले, वेगळा धागा काढा म्हणून. काढला. फोटो उद्या चढवतो, आज नेटचं काही खरं नाही.

आमचं गाव वरूड-मोर्शीकडच्या संत्रापट्ट्यात. विहिरी आटल्या, बोअर आले, बोअर आणखी खोल गेले आणि जळालेल्या मोटारींवर माझं रिवायंडिंगचं दुकान उभं राहिलं. आमचा ग्रुप फक्त राहुलदेव बर्मनची, म्हणजे पंचमची गाणी करतो. ड्रमवर कृषी केंद्रवाला, कीबोर्डवर जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, बेसवर एसटीचा कंडक्टर (त्याची ड्युटी पाहून कार्यक्रमाची तारीख ठरते), आणि आशाताईंची गाणी म्हणणारी आमची ताई खरोखरच आशा वर्कर आहे. हा विनोद प्रत्येक निवेदक करतो, मीही करून घेतला.

पंचमचा जन्म २७ जून १९३९ चा. मोठ्या शहरांत कार्यक्रम त्या तारखेला होतात. आमच्याकडे २७ जूनला सगळ्यांची नजर आभाळाकडे. दुबार पेरणीची वेळ येते की काय याच्या धाकात कोण गाणं ऐकायला बसतो? म्हणून आम्ही पुण्यतिथी धरली, ४ जानेवारी. १९९४ साली त्या दिवशी ते गेले. तेव्हा आंब्या बहाराच्या संत्र्यांचा थोडाफार पैसा हातात आलेला असतो, थंडी असते, लोक ब्लँकेट गुंडाळून शेवटपर्यंत बसतात.

आता मी इथपर्यंत कसा आलो ते. बाबा भजन मंडळात होते. तुकडोजी महाराजांचं जन्मगाव यावली आणि मोझरीचं गुरुकुंज, दोन्ही आमच्याच अमरावती जिल्ह्यात. त्यामुळे गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि त्यानंतर खंजिरीवर भजन, हे शाळेच्या आधीपासून कानावर. माझ्या हातात खंजिरी आली आणि माझा उजवा हात तिथंच तयार झाला. गिटारीच्या पुस्तकांत स्ट्रमिंगसाठी वर-खाली बाण काढलेले असतात. ते मला कधी वाचावे लागले नाहीत. थाप कुठं, झांज कुठं, आणि कुठं हात नुसता फिरवून आवाज न काढता पुढं जायचं, हे अंगात मुरलेलं होतं. हात थांबत नाही. तारेला लागतो किंवा लागत नाही, एवढाच फरक.

गाणी कॅसेटवरून बसवली. रात्री लाइट नसायची म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर. सेल उतरले की टेप हळू, टेप हळू झाली की सूर खाली. मग गिटारीच्या तारा उतरवायच्या. नवे सेल आणले की परत चढवायच्या. कान त्यानंच तयार झाला, कोणत्या क्लासात नाही. पुढे अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रात लग्नाचे सीझन काढले, एप्रिलात भीमजयंतीच्या कार्यक्रमांत बेंजोवाल्याच्या शेजारी उभं राहून वाजवलं. त्या बेंजोवाल्यांचा वेग! माझा डावा हात त्यांच्या धाकानं सुधारला.

गिटारी आज घरात सहा आहेत आणि बायको त्यांना "सहा सवती" म्हणते. पण पहिल्या चारांतली एकही शौक म्हणून आणली नाही. दरवेळी एखादं गाणं अडलं, तेव्हा एक आली.

पहिली कोलकात्याची बॉक्स गिटार. ऑर्केस्ट्रातले जुने गिटारवाले काका कीबोर्डच्या जमान्यात घरी बसले, त्यांच्याकडून घेतली. आतलं लेबल कधीच गळून गेलेलं. प्लायवुडचं पोट, मानेत ट्रस रॉड (तारांचा ताण पेलणारी सळई) नाही, तारा इतक्या उंच की वरच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बोटांची सालं निघत. आज तिच्यावर मी जाड तारा लावतच नाही. आम्हाला बारा तारांच्या गिटारीचा आवाज पाहिजे होता आणि तेवढे पैसे नव्हते. बारा तारांत खालच्या चार जोड्यांमध्ये एक जाड तार आणि एक तिच्या वरच्या सप्तकातली बारीक तार असते. वरच्या दोन जोड्या एकसुरी. मग बारा तारांचा सेट आणायचा, त्यातल्या बारीक सहा काढायच्या आणि साध्या गिटारीला लावायच्या. शेजारी गुरुजींचा पुतण्या साधी गिटार वाजवतो, दोघांचं मिळून बारा तारांचं काम होते. शोध माझा नाही, अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंत हे चालायचं आणि या ट्युनिंगला नावही त्याच शहराचं पडलं. वरून फायदा असा की बारीक तारांचा ताण कमी, त्यामुळे बिनरॉडची मान अजून सरळ आहे.

दुसरी यामाहा एफ ३१०. हिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, म्हणूनच चांगली. तिसरी यामाहा पॅसिफिका ११२ व्ही, ब्रिजजवळ (तारा पोटावर टेकतात तिथं) हंबकर आणि पुढं दोन सिंगल कॉइल. हे पिकअप, म्हणजे तारेचा आवाज पकडणारे चुंबक; हंबकर लाइटची गुणगुण मारते, सिंगल कॉइल मारत नाही. जनरेटरवर कार्यक्रम असला की हंबकर, लाइट नीट असली की सिंगल कॉइल. "दम मारो दम" (१९७१) तिच्यावर. मूळ गिटार भूपिंदर सिंग यांची. गझला म्हणणारे भूपिंदर तेच हे, असं सांगितलं तर गावात कोणाला पटत नाही.

चौथी एपिफोन डॉट, सेकंड हँड. पोटात मधोमध लाकडाचा ठोकळा आणि दोन्ही बाजूंना पोकळी. ही रचना गिब्सननं १९५८ साली ईएस-३३५ मध्ये आणली. पंचमच्या संथ गाण्यांत मागं जे गोल, मऊ कॉर्ड वाजतात ते पॅसिफिकावर कितीही बटनं फिरवली तरी येत नव्हते. मॉनिटरच्या, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे वळवलेल्या स्पीकरच्या, तोंडासमोर उभं राहिलं तर किंचाळते, तेवढं सांभाळावं लागते.

पाचवी घरी बनवलेली आणि सहावी हवाईयन. त्यांची कहाणी लांब आहे, कोणी विचारलं तर लिहितो.

कास्तकार_पोट्टा
भौ, लय भारी! मी दर्यापूरकडचा. खंजिरीवालं वाचून माह्या आज्याची आठवण आली. मले एक सांगा, पयली गिटार कोनती घेऊ? दहा हजाराच्या आतबाहेर. एका दोस्ताची आनली होती, बोटं अशी दुखली का दोन दिवस विळा धरता आला नाही. म्हनून सोडून देल्ली.

संत्रापट्टी
अरे, बोटं तुझी कच्ची नसतील, तारा उंच असतील. दुकानात गेल्यावर बाराव्या फ्रेटवर जाड तारेच्या खाली स्केल लाव. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. चारच्या वर असेल तर ती गिटार शिकणाऱ्यासाठी नाही, दुकानदार काहीही सांगो. मानेवर डोळा लावून बंदुकीसारखी धर, वाकडी असेल तर दिसते. आणि एक्स्ट्रा लाइट, म्हणजे बारीक तारा लावून माग. भपकेदार नवीन मॉडेल पाहू नको, यामाहाची साधी घे.

तिसरी_तार
छान धागा. पुण्यातून वाचतोय. एक प्रामाणिक शंका: आजकाल एका मल्टिइफेक्ट पेडलमध्ये अकूस्टिक, बारा तारा, सेमी-हॉलो (तुमच्या डॉटसारखी अर्धी पोकळ) सगळ्यांची सिम्युलेशन्स मिळतात. एक पॅसिफिका आणि एक पेडल, काम संपलं. सहा गिटारी गाडीत टाकून नेण्यात अर्थ काय?

संत्रापट्टी
पेडल आहे माझ्याकडे, कोरस आणि डिलेसाठी वापरतो. पण त्यातला बारा तारांचा आवाज घरी हेडफोनवर बरा वाटते आणि मैदानात भोंग्यातून पत्र्यासारखा येते. दुसरं, गाण्याच्या मधात व्होल्टेज पडलं की ते पेडल स्वतःहून बंद होऊन परत चालू होते आणि चालू व्हायला लागणाऱ्या वेळात अंतरा निघून जाते. कोलकात्याच्या प्लायवुडला व्होल्टेज लागत नाही.

बेसुरा
मला मुळातच एक कळत नाही. ट्रिब्यूट बँड म्हणजे शेवटी नक्कलच ना? एवढी मेहनत, एवढे पैसे, आणि वाजवायचं काय तर पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी वाजवलेलं, जसंच्या तसं. वऱ्हाडीत स्वतःची चार गाणी केली असती तर जास्त कौतुक वाटलं असतं. राग मानू नका.

संत्रापट्टी
राग कशाचा. नक्कल म्हणा, चालते. आमच्या भजनातही चाल ठरलेलीच असते, शब्द ठरलेले, ठेका ठरलेला. चाल मोडली तर मंडळातले म्हातारे डोळे वटारतात. तिथं कोणी नक्कल म्हणत नाही, आणि तरी एकाच भजनाला एक मंडळ रडवते आणि दुसरं जांभया आणते.

ऑर्केस्ट्रात असताना आम्ही काय करायचो? मुखडा, अंतरा बरोबर. मधले तुकडे आपल्या मनानं. वेळ मारून न्यायची. माझं मत असं की पंचम त्या मधल्या तुकड्यांतच बसलाय. "चुरा लिया है तुमने" म्हणा: गाणं सुरू होण्याआधी ग्लासावरची किणकिण आणि गिटार आली नाही, तर पुढं कोणी कितीही चांगलं गाओ, लोकांना ते गाणं लागल्यासारखं वाटत नाही. मागच्या रांगेत उभा असलेला पानठेलेवाला एक कॉर्ड वाजवू शकत नाही, पण त्याच्या कानात तो तुकडा सुरासकट साठवलेला आहे. विविध भारतीनं साठवून ठेवला. त्याच्यासमोर "आपल्या मनानं" चालत नाही.

ते पाहिजे तसं वाजवायला बसलं की कळते, काय माणसं होती ती. भानू गुप्तांची गिटार आणि माउथ ऑर्गन, रणजित गझमेर यांचं मादल (नेपाळी ढोलकी), अमृतराव काटकरांचं रेसो-रेसो (घासून वाजवायचं तालवाद्य). "तेरे बिना जिया जाये ना" (१९७८) मधलं मादल आम्ही ऑक्टोपॅडवर काढत होतो. नाही जमलं. शेवटी ड्रमवाल्यानं नेपाळी मादल मागवलं. ते गाणं तेव्हापासून कार्यक्रमात आहे.

स्वतःची गाणी करणारे करोत, मी टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत असेन. मला ही वाजवायची आहेत.

बेसुरा
पूर्ण पटलं नाही. पण भजनाचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य.

वैनगंगाकाठ
मी पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला, वडशाजवळचा. आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकाचा सीझन लागतो तो होळीपर्यंत. दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, पहाटेपर्यंत. संगीत पूर्वी ऑर्गन आणि तबल्यावर, आता कीबोर्ड-ऑक्टोपॅड. एकदोन वेळा गिटारवाला पोरगा बसवून पाहिला. पंचाईत अशी होते की गायक-नट आयत्या वेळी पट्टी बदलतो. "आज गळा बसलाय, काळी एक धरा." ऑर्गनवाला धरतो. गिटारवाला घामाघूम. तुम्ही भजनातून आले म्हणता तर यावर तोड काय?

संत्रापट्टी
कॅपो. मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा दोनतीनशे रुपयांचा चिमटा, पण नाटकवाल्यांसाठी गिटारीपेक्षा महत्त्वाचा. मी भजनातच पट्ट्यांचा हिशेब पाठ केला होता, नुसता गिटारीवर उतरवला. काळी एक म्हणजे सी शार्प: कॅपो पहिल्या फ्रेटवर, हात, म्हणजे कॉर्डची बोटं, सी चा. काळी दोन: कॅपो पहिल्यावर, हात डी चा, किंवा तिसऱ्यावर लावून सी चा. पांढरी चार म्हणजे एफ, कॅपो पहिल्यावर आणि ई चा हात. काळी चार आली तर पहिल्यावर जी. बहुतेक कारभार पहिल्या फ्रेटवरच उरकतो. पोराला सांगा, इंग्रजी नावं गेली खड्ड्यात. ऑर्गनवाल्यानं पट्टी सांगितली की कॅपो कुठं आणि हात कोणता, एवढंच गिटारीच्या मागं खडूनं लिहून ठेव.

अवांतर: आमच्या कार्यक्रमात दरवर्षी "एक हसीना थी" ची फर्माईश येते. "कर्ज" (१९८०), संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं, गिटार गोरख शर्मांची. निवेदक सांगतो की आज फक्त पंचम. लोक म्हणतात ठीक आहे, आणि परत तीच चिठ्ठी पाठवतात. आता आम्ही कार्यक्रम "संपवतो", आभार मानतो, आणि मग वाजवतो.

मोगरा
संत्रापट्टीदादा, हवाईयन गिटारीचं लिहा ना. माझ्या बाबांकडे होती. आम्ही तेव्हा आर्वीला. सुनील गांगुलींच्या तबकड्या लावून बाबा मांडीवर गिटार घेऊन बसायचे, लोखंडाची कांडी तारांवरून सरकवत. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग ही नावं मी अभिनेत्यांच्या आधी ऐकली. आता गिटार पलंगाखाली आहे, तारा गंजल्या. टाकवत नाही आणि काय करावं कळत नाही.

तिसरी_तार
मोगराताई, टाकू नका हो! तारांवर पोलादी कांडी सरकवायची ही पद्धत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली, श्रेय बहुधा जोसेफ केकुकू यांना देतात. आपल्याकडे ती फिल्मी गाण्यांत रुळली कारण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं. फ्रेटवर बोट ठेवलं की सुरांच्या पायऱ्या होतात, कांडीला पायऱ्याच नाहीत. म्हणूनच ब्रिजभूषण काब्रांनी ती शास्त्रीय मैफिलीत नेली आणि पुढे विश्वमोहन भट्टांनी त्यात तरफा (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या तारा) घालून मोहनवीणा केली. त्यांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं.

संत्रापट्टी
ताई, आधी सगळ्या तारा ढिल्या करा, एकही तार एकदम तोडू नका. मग ब्रिज पोटापासून सुटला आहे का ते कागद सरकवून पाहा. कागद आत गेला तर सरस लावायला कोणा जाणत्याकडे द्या. फेविकॉल घरी ओतू नका. लाकडाला ओलं फडकं मारू नका.

माझी हवाईयन अशीच एका रिटायर्ड पोस्टमास्तरांच्या घरून आली. त्यांच्या बोअरची मोटार भरून दिली होती, मजुरीच्या बदल्यात त्यांनी गिटार दिली. मी पैसेही देत होतो, घेतले नाहीत. वर म्हणाले, वाजवणार असशील तर ने, भिंतीवर टांगणार असशील तर ठेव. कार्यक्रमाच्या सुरुवातीला पडदा उघडण्याआधी एक गाणं तिच्यावर होते, आणि समोरची म्हातारी मंडळी तेवढ्यासाठी लवकर येऊन बसतात.

मोगरा
कागदाची युक्ती केली. ब्रिज घट्ट आहे! तारा ढिल्या केल्या. बाबांची कांडी पण सापडली, औषधाच्या डब्यात.

तिसरी_तार
आता घरी बनवलेल्या गिटारीचं लिहा. आणि तुम्ही मोटारी भरता म्हणजे पिकअपही स्वतः भरला असेल, असा माझा तर्क.

संत्रापट्टी
तर्क बरोबर. आधी पिकअपचं सांगतो, कारण सुरुवात तिथून झाली.

पॅसिफिकाचा मधला पिकअप एका कार्यक्रमात मुका झाला. मल्टिमीटर लावला तर ओपन. शहरात विचारलं, म्हणाले नवा बसवा, हा रिपेअर होत नाही. माझ्या धंद्यात ओपन म्हणजे तार तुटली, भरा. वेगळं काय आहे? चुंबकाभोवती तांब्याची तार, बस. फरक जाडीचा. पिकअपची तार आपल्या गेजनं साधारण ४६ नंबर, म्हणजे ०.०६ मिलिमीटर. डोक्याच्या केसाएवढीसुद्धा नाही. उजेड तिरपा पडला तरच दिसते. पंखा बंद, दुकानाचं शटर अर्धं खाली, गिऱ्हाइकाला बाहेर चहा. सीलिंग फॅनची कॉइल भरायचं हातमशीन आधी लावून पाहिलं; मोटारीच्या तारेला तो झटका चालते, हिला नाही. मग शिलाई मशीनची पायावरची मोटार घेतली, तिला हातमशीनचा काउंटर जोडला आणि तार दोन बोटांत मखमलीच्या तुकड्यातून सोडत गेलो. जास्त दाबलं तर तुटते, कमी दाबलं तर वेढे सैल पडतात. फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टर गिटारीच्या जातीच्या पिकअपला सुमारे ८,००० वेढे लागतात. शेवटी मीटरवर सहा किलोओहमच्या जवळपास आकडा आला तेव्हा शटर वर केलं.

मधला पिकअप भरताना दिशा उलटी, आणि त्याचं चुंबकही बाकीच्यांच्या उलट. असं केलं की मधला आणि शेजारचा दोन्ही चालू असताना लाइटची गुणगुण एकमेकांत मरते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. हंबकरमध्ये हेच दोन कॉइल एका डबीत बसवून केलेलं असते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये केलं ते.

मोटारीला आम्ही वॉर्निश पाजतो. पिकअपला मेण. पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण, पासष्ट अंशांच्या आसपास, थेट आचेवर नाही तर गरम पाण्यात डबा ठेवून. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर. मेण नसलं तर आतली तार थरथरते आणि मॉनिटरजवळ गेलं की शिटी. घरच्या पातेल्याला हात लावायची परवानगी नव्हती म्हणून डालड्याचा जुना डबा शोधला.

हे जमलं म्हणून डोक्यात किडा शिरला की सगळी गिटारच का नाही. आमच्याकडे सुतार असा की दाराची चौकट कधी रंधा मारायला परत नेली नाही. त्याचं म्हणणं, सागवान वापरू, आयुष्यभर पाहावं लागणार नाही. सागाची एक पाटी उचलून खांद्यावर पट्टा घालून उभा राहिलो आणि म्हटलं, दोन तास हे गळ्यात कोण घेणार? मग शरीर शिवणीचं केलं. शिवण हलकी, वाकत नाही, वाद्यांना वापरायची जुनी रीत आहे. मान जुन्या वाड्याच्या पाडलेल्या सागवानी खांडाची, कारण ती सुकून सुकून आता आणखी सुकणार नाही. ट्रस रॉड ऑनलाइन मागवला. बोटपट्टी शिसमची.

फ्रेट कुठं मारायचे, याच्यावर सुतार अडला. त्याचा अंदाज, सगळं अंतर सारखं वाटून टाकू. त्याला हिशेब दाखवला: नटपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) ब्रिजपर्यंत ६४८ मिलिमीटर. भागिले १७.८१७, हा ठरलेला आकडा. आले ३६.४, तिथं पहिला फ्रेट. उरले ६११.६, त्याला परत १७.८१७ नं भागा, आले ३४.३, तो दुसरा. असं उरलेल्याला भागत जायचं. तो काहीच बोलला नाही. पेन्सिल कानामागं लावून मी आकडे वाचतो तसा खुणा करत गेला. बारावी खूण बरोब्बर ३२४ वर आली, निम्म्यावर. तेव्हा त्यानं टेप परत परत दोन्ही बाजूंनी लावून पाहिली आणि म्हणाला, "हे कोणी काढलं बाप्पा?" मग त्याला पटलं आणि नंतर त्यानं मला हात लावू दिला नाही. फ्रेट कापायला बारीक करवत मिळेना, तर हॅक्सॉच्या ब्लेडचे बाहेर वळलेले दात ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी घासून सपाट केले. खाच फ्रेटच्या पायाला नेमकी बसली.

आवाज? पॅसिफिकापेक्षा थोडा जाड. मला आवडते, बेसवाल्याला आवडत नाही, म्हणते माझ्या जागेत घुसते.

फक्त मे महिन्यात सांभाळावं लागते. बेचाळीस-पंचेचाळीसच्या कोरड्या उन्हात शिसम आकसते आणि फ्रेटची टोकं बाजूनं बाहेर येऊन बोट कापतात. पावसाळ्यात परत आत जातात. उन्हाळ्यात पेटीत ओल्या स्पंजाची भोकं पाडलेली साबणदाणी ठेवतो, दर आठवड्याला पाणी. कूलरसमोर ठेवू नका, ते दुसरं टोक होते.

वैनगंगाकाठ
वाचनखूण साठवली. स्टेजवर शॉक लागण्याचं पण सांगा. आमच्या एका गायकाचा ओठ भाजला होता.

संत्रापट्टी
हे खरं तर आधीच लिहायला पाहिजे होतं. गिटारीच्या तारा अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, माइकची जाळी साउंडवाल्याच्या. दोघांची लाइट वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतली आणि एकाची अर्थिंग नाही, तर मधला माणूस म्हणजे तुम्ही. कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला. काही व्होल्ट दिसले तर त्या माइकवर गायचं नाही. अँप आणि साउंड एकाच बोर्डावरून घ्या. मंडप कायमचा असेल तर खड्डा खणून कोळसा-मिठाची नीट अर्थिंग करून घ्या. काही गावांत अँपच्या तीन पिनांतली जाड पिन तोडून टाकतात, प्लग बसत नाही म्हणून. ते ज्यानं केलं त्यालाच आधी गायला लावा.

कास्तकार_पोट्टा
भौ, आमच्या वावराच्या धुऱ्यावर शिवणीचं मोठ्ठं झाड होतं. मांगच्या वादळात पडलं. बाप म्हन्ते जाळून टाकू. मी म्हटलं थांबा, भौले इचारतो. त्याची गिटार होईन का?

बेसुरा
तलाठ्याकडे नोंद केली का आधी?

कास्तकार_पोट्टा
केली ना जी. पंचनामा झाला.

संत्रापट्टी
जाळू नको देऊस! आरामशीनवर दोन इंची पाट्या पाडून घे. दोन्ही टोकांना ऑइल पेंट लाव, नाहीतर टोकातून फाटते. जमिनीवर ठेवू नको, वाळवी लागेल. विटांवर, मधात लाकडी पट्ट्या घालून, सावलीत रचून ठेव. जाडीच्या प्रत्येक इंचाला साधारण एक वर्ष वाळायला लागते.

कास्तकार_पोट्टा
म्हन्जे दोन वर्सं? बाप्पा!

संत्रापट्टी
घाई असेल तर वाळलेलं लाकूड परतवाड्याला मिळून जाईल, पण फुकटचं सोडू नको. पाट्या पाडल्या की एक घेऊन दुकानात ये, सुताराला दाखवू. रविवारी येऊ नको, बंद असते. आणि घरी जुनी जळालेली मोटार पडली असेल तर तीही गाडीत टाक, तांब्याचे पैसे काढून देतो. कॅपो आणि तारा त्यात निघतील.